मागचं डावं दार

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात कधी नीट बघितलात, तर मधल्या दोन बोटांच्या पेरांवर घट्टे दिसतील. जाड, काळपट. ते कसे पडले, तेच आज सांगणार आहे.

ह्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. थोडं मी स्वतः पाहिलंय. उरलेलं दादाने मला सांगितलंय, आणि माझा दादा मिठागरात वाढलेला माणूस. त्याला रंगवून सांगणं जमत नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर नुसतं वहिनीचं नाव सांगून खाली बसला होता.

साल १९९४. एप्रिल महिना. गुरुवार. गाव पेण. वेळ... दुपारचे तीन.

हो, दुपारचे. भुतांना उन्हाचं वावडं असतं असं ज्याने कोणी ठरवलं, त्याने आमच्या खारेपाटातला एप्रिल पाहिलेला नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं, झाडाला पान हलत नाही. इतकं सामसूम रात्रीसुद्धा नसतं.

माझ्या भावाचं नाव दत्तात्रेय. गावातली पोरं त्याला दत्तूमामा म्हणायची, पेणमध्ये तो दत्तूशेठ होता. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवून द्यायचा. तेव्हा त्याचं भारी वेड होतं. लोक स्पीकर मागच्या काचेखाली ठेवायचे. दादा मात्र दारात बसवायचा, आणि त्याच्या दारातलं गाणं ऐकायला अलिबागहून माणसं यायची.

त्याचं गुपित सोपं होतं.

"दार म्हणजे पत्र्याचा डबा गो," तो मला सांगायचा. "डब्यात स्पीकर ठेवला की गाण्याआधी डबाच गातो. पहिलं डब्याचं तोंड बंद करायचं."

म्हणून तो दाराचं आतलं पॅड काढायचा. आतला पत्रा घासून पुसायचा. गच्चीला लावतात ते डांबरी पट्टे कापून स्टोव्हवर गरम करायचा आणि पत्र्याला आतून चिकटवायचा. वरून गणपतीच्या कारखान्यातला काथ्या दाबायचा. पट्टे दाबायला लाकडी लाटणं वापरायचा. लाटणं माझंच. दोन महिने मी ते घरभर शोधत होते.

काम झालं की दारावर बोटाच्या पेरांनी तीन वेळा ठोकायचा आणि कान लावायचा.

पट्टे लावायच्या आधी दार म्हणायचं... टण्.

लावल्यावर म्हणायचं... ठप्प.

ठप्प आलं की काम पुरं.

त्याचे नियम दोनच. दाराच्या तळाला पावसाचं पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती कधी बुजवायची नाहीत. आणि दाराच्या पोटात जे सापडेल ते मालकाच्या हातात द्यायचं. काचेच्या फटीतून काय काय आत पडतं. पिना, टिकल्या, एकदा तर कुणाची कवळी सापडली होती. "दारात सापडलेलं दारात ठेवायचं नाय," हे त्याचं वाक्य.

त्या गुरुवारी त्याने दोन्ही नियम मोडले.

पांढरी फियाट होती. विष्णु मास्तरांची. मास्तर रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. जुन्या खोताच्या घराण्यातला शांत, काटेकोर माणूस. गाडी जुनीच, पनवेलच्या एजंटाकडून दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. सोबत त्यांची मुलगी स्पृहा. सहा वर्षांची. पायात पैंजण, आणि तोंड म्हणाल तर एक घटका बंद नाही.

मी तेव्हा दादासाठी चहा घेऊन गेले होते.

"काका, तुमच्या दुकानाला दार नाही?" तिने आल्या आल्या विचारलं.

"शटर हाय ना."

"शटर म्हणजे दार नाही. दाराला कडी असते."

"तू वकील होणार बघ," मी म्हटलं.

"मी गाणारी होणार आहे," ती म्हणाली, आणि तिथेच, डांबराच्या वासात, दोन्ही हात मागे बांधून गायला लागली. काय गोड गळा! पलीकडच्या सायकलवाल्याने पंप थांबवला. दादा म्हणाला, "मास्तर, ही घरात असताना तुम्हाला टेप कशाला हवा?"

मास्तर हसले नाहीत. पोरीला माझ्याजवळ सोडून ते दादाला गाडीपाशी घेऊन गेले. पण गल्ली एवढीशी. मला सगळं ऐकू येत होतं.

"स्पीकर निमित्त आहे, दत्तूशेठ. मागचं डावं दार वाजतं."

"खडखडतं? बिजागरी सैल झाली असंल."

"खडखडत नाही." मास्तरांनी घाम पुसला. "ठोकतं."

"चालत्या गाडीत?"

"उभ्या."

दादा हसला. "उन्हानं पत्रा फुगतो, मास्तर. सावलीत आवळतो. वाजणारच."

"पत्रा तीनदा ठोकून थांबतो का? समोरून उत्तर आलं तर पुन्हा ठोकतो का?"

"उत्तर कोण देतं?"

मास्तरांनी पोरीकडे बघितलं. ती माझ्या बांगड्या मोजत होती.

"ती म्हणते, दारात मैत्रीण आहे. तासन् तास तिथे जाऊन बसते. जेवायला बोलावलं तर म्हणते, तिला सोडून कशी येऊ, तिला दार उघडता येत नाही..." त्यांचा आवाज बारीक झाला. "तेवढं बंद करा. कसंही करा. एक भोक उघडं ठेवू नका."

मास्तर पोरीला गणपतीचे कारखाने दाखवायला घेऊन गेले. मीही कपबश्या उचलून घरी आले. दुकानात दादा एकटा राहिला.

त्याने मागच्या डाव्या दाराचं पॅड काढलं. आतलं हॅण्डल गंजून जागच्या जागी बसलेलं होतं. आतून कुणी कितीही ओढलं असतं तरी ते दार उघडलं नसतं.

पॅडच्या मागे गाळ होता.

करडा, मऊ, वाळून तडे गेलेला. दादाने बोटावर घेतला आणि ओळखला. तो अंबा नदीचा गाळ होता. नागोठण्याचा. गाडी पुरात बुडलेली होती, आणि एजंटाने धुऊन, नवा रंग मारून मास्तरांच्या गळ्यात मारली होती.

तेव्हा त्याला एक आठवण झालीच. आमच्या गावची बायजा, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन पेणला येणारी. तिची पोर सगुणा नागोठण्याला मावशीकडे पाहुणी गेली होती आणि मधल्या एका पुरात गेली. सहा वर्षांची. तिला शोधायला दादाही गेला होता. चार दिवस काठाने फिरले. सापडली नाही.

दादाने गाळ पुसला. त्याबरोबर तो विचारही पुसला.

तळाशी, पाणी जायच्या भोकांजवळ, पत्र्याच्या दुमडीत काहीतरी चमकलं.

घुंगरू.

लहान मुलीच्या पैंजणाचं एकच घुंगरू. स्क्रूड्रायव्हर घालून पाहिलं, चिमट्याने ओढून पाहिलं. निघेना. हलवलं की वाजायचं. छुन्.

'बघू नंतर,' म्हणून त्याने सवयीप्रमाणे बाहेरून पत्र्यावर तीन ठोके मारले. आधीचा आवाज कसा येतो ते बघायला.

टण्. टण्. टण्.

आणि आतून...

टक. टक. टक.

दाराचं पॅड बाजूला पडलेलं. आतलं सगळं पोट उघडं, उन्हात लख्ख दिसणारं. काच, पट्टी, गाळाचे डाग. बाकी काही नाही.

टक. टक. टक.

हळू. खालून. जिथे भोकं होती तिथून.

घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो. पळतो, नाहीतर घाई करतो. दादाचं स्वतःचं दुकान, पळणार कुठे? त्याने घाई केली. स्टोव्ह पेटवला. पट्टे गरम केले. घुंगरावर डांबराचा गोळा दाबला, ते मुकं झालं. मग एकेक भोक डांबराने बुजवलं. वर पट्टे, पट्ट्यांवर काथ्या, काथ्यावर पुन्हा पट्टे. लाटणं इतकं दाबलं की त्याची एक मूठ मोडली.

शेवटचं भोक बुजवताना आतून हवा आल्यासारखं झालं. गार. अंगठ्यावर कुणी श्वास सोडावा तसं.

मग त्याने दारावर ठोकलं.

ठप्प.

बस. पुन्हा आतून काही नाही.

स्पीकर बसवले, पॅड लावलं, कॅसेट घातली. गाणं असं घुमलं की सायकलवाला उठून आला. दादा माझ्याशी खोटं बोलत नाही. म्हणाला, "गो, त्या घटकेला मला माझ्या कामाचा गर्वच वाटला."

तो टेपपाशी वाकलेला होता. मान वळवली... शेजारी स्पृहा उभी.

कधी आली? पळत आली होती, धापा टाकत होती. पायात पैंजण. तरी त्याला चाहूल लागली नव्हती.

"काका, ती गेली?"

"गेली."

"कुठून गेली? भोकं तर तुम्ही सगळी बुजवलीत."

भोकं बुजवली हे तिला कुणी सांगितलं? पॅड लावल्यावर ती दिसतसुद्धा नाहीत.

पोरीने आपल्या चिमुकल्या मुठीने दारावर ठोकलं. एकदा. दोनदा. तीनदा.

आवाज आला नाही.

टण् नाही. ठप्पसुद्धा नाही.

गाणं मोठं आहे म्हणून असेल, असं दादाने मनाला सांगितलं. मास्तर खूश होऊन उजेडी निघून गेले.

सोमवारी सकाळी समोरच्या एसटीडी बूथवर फोन आला. मास्तरांचा.

"दत्तूशेठ, हत्यारं घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

दादा पहिल्या एसटीने रोह्याला गेला. नागोठण्याच्या पुलावर त्याने नदीकडे बघितलं नाही, एवढं त्याला पक्कं आठवतं.

दारात मास्तरांची बायको उभी होती. सुहासिनी. केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेले. पाणीसुद्धा विचारलं नाही तिने. हाताला धरून दादाला माजघरात नेलं.

स्पृहा जमिनीवर बसली होती. पुढ्यात स्टीलचं ताट, हातात चमचा. ती ताटावर चमचा आपटत होती. जोरजोरात.

आवाज नव्हता.

दादाने आपले कान चोळले. अंगणात कावळा ओरडत होता. शेजारी कुणी कपडे आपटत होतं. तेवढं सगळं ऐकू येत होतं. फक्त ते ताट...

"गुरुवारी पैंजण गेले," सुहासिनी म्हणाली. "शुक्रवारी टाळी. शनिवारी बोलायला लागली की शेजारच्या घरातून बोलल्यासारखं यायचं. कालपासून तेही नाही. अलिबागच्या डॉक्टरांनी गळा बघितला. म्हणे एकदम निरोगी. पोरीला धाक दाखवू नका, आपोआप बोलेल." तिने पदर तोंडात धरला. "दत्तूभाऊ, आज पहाटे ती माझ्या पाठीशी रडत होती. किती वेळ रडत होती कोण जाणे. मला कळलंच नाही हो. पाठ भिजली तेव्हा कळलं."

पोरीने दादाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याची शीर फुगली. ती किंचाळत होती.

घरात कावळ्याचा आवाज तेवढा येत होता.

दादा उठला. "मास्तर, गाडी उन्हात घ्या."

अकरा वाजले होते. परसात फणसाखाली गाडी होती, ती ढकलून उन्हात आणली. डावीकडे जड लागत होती. चौघे जण भरल्यासारखी.

दादाने पॅडचे स्क्रू काढले. पॅड ओढलं.

दाराच्या पोटात पाणी होतं.

भर एप्रिल. पाच महिने थेंब नाही. आणि दार काचेच्या पट्टीपर्यंत भरलेलं. काळं, गार पाणी, आणि आतल्या पत्र्याला एवढं मोठं भगदाड असताना ते बाहेर सांडत नव्हतं. नुसतं उभं होतं.

मास्तर मागे सरकले. गणिताचा माणूस, त्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं.

दादाने हात आत घातला. कोपरापर्यंत. हाडं दुखतील इतकं गार. पट्ट्याचं टोक हाताला लागलं, त्याने ओढलं. पहिला पट्टा बाहेर आला.

डांबरावर बोटांचे ठसे होते.

दादाचे नव्हते. दादाचा पंजा फावड्याएवढा. हे इवलेसे. पाच बोटं, तळवा. डावीकडे एक, उजवीकडे एक. आणि ठसे पत्र्याला चिकटलेल्या बाजूला होते. जिथे पट्टा आणि पत्रा ह्यांच्यामध्ये पोस्टकार्डही जाणार नाही.

दुसरा पट्टा. तिसरा. प्रत्येकावर हात. खालच्या पट्ट्यांवर नुसते नखांचे ओरखडे.

सुहासिनी घराच्या मागच्या दारात पोरीला कवटाळून उभी होती. ती काहीतरी पुटपुटत होती, देवाचं असावं.

"भोकं उघडतो," दादा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याने स्क्रूड्रायव्हरने तळाचं पहिलं डांबर फोडलं. पाणी करंगळीएवढ्या धारेने बाहेर आलं. जिभेवर थेंब उडाला... खारट. दुसरं भोक. तिसरं. परसात चिखल झाला. घुंगरू अडकलं होतं तिथे त्याने बोट फिरवलं.

डांबराचा गोळा होता. मधे खळगा होता.

घुंगरू नव्हतं.

शेवटचं भोक उघडलं आणि दारातून आवाज आला. बाटलीतून पाणी ओतताना शेवटी येतो तसा. एक लांब घोट... मागोमाग श्वास.

आणि घराच्या दारातून किंकाळी.

"आयं!"

स्पृहाच्या तोंडून. खणखणीत. कावळा उडून गेला.

सुहासिनी हसत होती, रडत होती, पोरीचे मुके घेत होती. ताट आपटून बघितलं, खण्ण वाजलं. टाळी वाजली. पोर धावली, पैंजण वाजले. मास्तर पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. एवढा काटेकोर माणूस, धोतराच्या सोग्याने नाक पुसत होता.

दादा हात धुऊन ओसरीवर टेकला. सुहासिनीने आधी विसरलेलं पाणी दिलं, चहा दिला, वर पोहे केले. पोर त्याच्यासमोर येऊन बसली. पोह्यांच्या ताटलीत बाजूला वाढलेलं मीठ तिने चिमटीने उचललं आणि जिभेवर ठेवलं. पुन्हा एक चिमूट. पुन्हा एक. मिठागरातली पोरं खातात तसं, डोळे मिटून.

मग डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहिली.

"दत्तूमामा," ती हळूच म्हणाली. "माजी आय कुठं हाय?"

दादाने कपबशी खाली ठेवली.

"अगं, ही काय मी!" सुहासिनी हसली. "बघा ना दत्तूभाऊ, तुमची भाषा लगेच उचलली. पोरांचं असंच असतं."

दादाने पोरीच्या पायाकडे बघितलं. चांदीचे पैंजण. घुंगरं एकसारखी, पांढरी.

एक सोडून.

एक काळं होतं. डांबर माखलेलं.

तो उठला. पॅड लावतो म्हणाला आणि परसात गेला. गाडी उन्हात एकटी उभी. दाराखालचा चिखल वाळत आला होता. त्याने पॅड लावलं, स्क्रू पिळले. आणि हात तेच करतात, ज्याची त्यांना सवय असते.

पेरांनी दारावर ठोकलं. तीनदा.

टण्. टण्. टण्.

थोडा वेळ काही नाही.

मग आतून...

टक. टक. टक.

दादाने कान पत्र्याला लावला. पत्रा तापलेला, कान भाजला, तरी काढला नाही.

"काका..."

खूप लांबून. विहिरीच्या तळातून आल्यासारखं. पण तोच गोड गळा. तेच शुद्ध, शाळेतलं बोलणं.

"काका, दार उघडा ना. बाबांना सांगा ना, मी इथे आहे."

त्याने दार उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. पॅड ओरबाडून काढलं, दोन्ही हात आत घातले. कोरडा पत्रा. गाळाचा वास. बोटांना काही लागलं नाही.

"मास्तर!"

मास्तर धावत आले. दादाने त्यांची मान धरून कान दाराला टेकवला. असं वागणं त्याला एरवी कधी जमलं नसतं.

मास्तर तसेच राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग दादा बघत होता. आधी लाल होता. मग उतरत गेला.

ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. सुहासिनी पोरीला भरवत होती. पोर खिदळत होती.

मास्तरांनी कान काढला. चष्मा पुसला. फार वेळ पुसला.

"काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"मास्तर..."

"दत्तूशेठ, माझी मुलगी घरात आहे. हसते आहे. तिची आई चार दिवसांनी जेवते आहे." त्यांनी दार लावलं. हळूच लावलं, झोपलेलं माणूस उठू नये तसं. "मला काही ऐकू येत नाही."

त्याच आठवड्यात मास्तरांनी फियाट विकली.

दादाला कळलं तेव्हा तो पनवेलला गेला. एजंट म्हणाला, गाडी तिसऱ्याच दिवशी पुढे गेली. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. महाडचा माणूस होता, नाहीतर मुरबाडचा. दादा दोन्हीकडे जाऊन आला.

स्पृहा मोठी झाली. तिचं लग्नही झालं. रोह्याच्या बाजारात मी तिला दोनदा पाहिलं. गुणी मुलगी. आईवर फार जीव. पण गात नाही. सुहासिनी सांगत होती, त्या आजारपणानंतर गळाच बदलला. आणि पूर बघायला, नदीवर जाऊ देत नाही ती कुणाला. आपल्या आईलासुद्धा नाही.

बायजा अजून आमच्याकडे मीठ घेऊन येते. आता वाकली आहे. पाटी उतरवून ओट्यावर बसते आणि कधीतरी सगुणाची गोष्ट काढते. दादा तेव्हा मागच्या दाराने निघून जातो. मी तिला चहा देते. तिला काय सांगू? तुझी पोर आहे, चांगल्या घरात आहे, तिच्या जागी दुसरीची पोर अडकली आहे, असं? तुम्ही सांगितलं असतं का? मी कितीदा तोंड उघडलं आहे. कितीदा आवाजच फुटला नाही.

दादाने दुकान बंद केलं. आता नुसता फिरतो. एसटी स्टँडवर, देवळापाशी, लग्नाच्या हॉलबाहेर, जिथे गाड्या उभ्या असतील तिथे. मागच्या डाव्या दाराशी जातो, पेरांनी तीनदा ठोकतो, कान लावतो. मालक ओरडतात. एकदोघांनी ढकललंसुद्धा. पेणमधल्या लोकांना सवय झाली आहे, म्हणतात दत्तूशेठचा स्क्रू ढिला झाला.

मी एकदा त्याला समजावलं. म्हटलं, "दादा, ती फियाट कधीच भंगारात गेली असेल."

"गाडी भंगारात जाते गो," तो म्हणाला. "दारं जात नाय. चांगलं दार काढून दुसऱ्या गाडीला लावतात. दुसऱ्याचं तिसऱ्याला."

परवा आमच्या गल्लीत कुणा पाहुण्यांची नवीकोरी गाडी उभी होती. भर दुपार, कुत्रं नाही रस्त्यावर. दादा ओट्यावरून उठला, गेला, ठोकलं. किती तरी वेळ कान लावून उभा होता. परत आला तेव्हा कान लाल झाला होता.

"काय रे?" मी विचारलं.

"काय नाय." तो बसला. पेरं चोळत राहिला. "आताच्या गाड्यांना कारखान्यातनंच पट्टे लावून येतात. सगळी दारं ठप्प."

मग म्हणाला,

"आतून कुणी हाक मारली तरी ऐकू कुठून येणार?"